नीलेश्नीच्या अटी

नीलेश्नीला माणसं फारशी आवडत नसत, आणि तिला पगार मिळायचा तो माणसं आवडतात असं दाखवण्याचाच. सिंगातोका या बेटावरच्या गावापासून बसनं वीस मिनिटांवर, समुद्राला खेटून असलेल्या एका हॉटेलात ती पाहुण्यांची करमणूक करायची. म्हणजे सकाळी नऊला कानामागं जास्वंद खोचून पोहण्याच्या तलावाकाठी उभं राहायचं, "बुला!" असा इथला नमस्कार ओरडायचा, आणि परदेशातून आलेल्या, उन्हात भाजून लाल झालेल्या माणसांना नाचायला लावायचं. नारळ सोलायची शर्यत, शंखातल्या खेकड्यांची शर्यत, दुपारी वाळूत दोरीखेच. ज्यानं आयुष्यात स्वतःची खुर्ची स्वतः उचलली नाही असा माणूस तिच्यासमोर नारळ सोलता येत नाही म्हणून खिदळायचा, आणि नीलेश्नी टाळ्या वाजवायची. सहा वर्षं वाजवल्या. तिचं हसू इतकं सफाईदार होतं की त्यामागं काय चाललंय याचा कुणालाच पत्ता लागला नाही.

घरी थोरला भाऊ मुनेश, त्याची बायको सुभाषनी, त्यांची मुलगी, आणि खोऱ्यातलं भाजीचं शेत. आई-वडील गेल्यापासून नीलेश्नी भावाकडेच राहायची. लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा तिनंच मोडलं. पहिला मुलगा जेवताना बोलायचा, दुसरा बोलायचाच नाही. सुभाषनी भौजी म्हणायची, "हिला नवरा नको, आरसा पाहिजे." नीलेश्नी म्हणायची, "आरसा निदान रोट्या मागत नाही, भौजी."

अठ्ठाविसाव्या वर्षी तिची बोटं बिघडली. सकाळी उठलं की मुठी वळत नसत. कंगवा धरवत नसे, ब्लाउजची बटणं भौजीला लावून मागावी लागत, आणि भौजीकडे काही मागणं म्हणजे दिवसभर ऐकून घेणं. मग गालांवर लाली आली, नाकावरून या गालापासून त्या गालापर्यंत, कुणी बोटांनी कुंकू फासावं तशी. उन्हात गेली की ती लाली पेटायची. हॉटेलातली एक पाहुणी बाई म्हणाली, "किती छान रंग लावलाय गालांना! कुठं मिळतो?" नीलेश्नी नुसती तिच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं हसू जागेवर नव्हतं. बाईनं तक्रार नोंदवली.

भौजीनं गालांचा वेगळाच अर्थ लावला. "कोण आहे तो?" तिनं विचारलं.

"कोण कोण?"

"ज्याच्यामुळं गाल लाल होतायत."

"मुनेशभैयाच्या शेतातली वांगी," नीलेश्नी म्हणाली. "त्यांच्यावरच जीव जडलाय माझा."

तर भौजीनं वांगी बंद केली. वांग्यानं अंगाला खाज येते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोन वर्षं असंच चाललं. एका डॉक्टरनं संधिवात म्हटलं, एकानं ॲलर्जी, एकानं "लग्न करा" म्हटलं. मुनेशच्या मित्राची आजी लिंबू उतरवून गेली. एक लांबचा मामा ऑकलंडहून फोनवर सांगायचा की पोरीनं रोज पहाटे धावलं पाहिजे. ज्या माणसाला जिन्याच्या चार पायऱ्या चढून धाप लागते त्यानं हा सल्ला द्यावा याचं नीलेश्नीला नवल नव्हतं. तिच्या मते जगात सल्ला देणाऱ्यांची तब्येत नेहमी ठणठणीत असते, आणि अक्कल नेहमी आजारी.

शेवटी लौतोकाच्या मोठ्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरणीनं रक्त तपासायला बाहेरदेशी पाठवलं आणि सहा आठवड्यांनी नाव सांगितलं. ल्युपस. "शरीराचे शिपाई असतात ना, ते चोर सोडून घरच्यांनाच मारायला लागतात," ती म्हणाली. "सांधे, कातडी, आणि तुमच्या बाबतीत थोडी किडनीसुद्धा. हा बरा होत नाही, पण आवरता येतो. गोळ्या चुकवू नका. दमू नका. आणि उन्हात जाऊ नका."

नीलेश्नी हसायला लागली. खिडकीबाहेर उन्हानं रस्ता पांढराफटक पडला होता. अख्खा देश ऊन विकून पोट भरतो, तीसुद्धा सहा वर्षं तेच विकत होती, आणि ही बाई सांगत होती की त्या मालाला हात लावू नका.

"मग खाऊ काय?" तिनं विचारलं.

डॉक्टरणीनं खाली बघितलं. त्याला तिच्याकडे गोळी नव्हती. तेवढ्यासाठी नीलेश्नीला ती जरा बरी वाटली. जे माहीत नाही त्यावर ती बोलली नव्हती.

हॉटेलचा मॅनेजर मिस्टर प्रेंटिस हा ब्रिस्बेनचा. अंगात फुलाफुलांचा शर्ट, आणि बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात. नीलेश्नीनं त्याला कागद दाखवला. त्यानं तो वाचल्यासारखं केलं, आणि खांद्यावर हात ठेवला.

"आपण इथं एक कुटुंब आहोत, नील," तो म्हणाला. तिचं नाव त्याला सहा वर्षांत पुरतं म्हणता आलं नव्हतं.

कुटुंबानं तिला धुलाईखान्यात टाकलं. तिथं ऊन नव्हतं हे खरं, पण वाफ होती, आणि ओल्या चादरींचे गठ्ठे होते. ज्या बोटांना बटण लागत नव्हतं त्यांनी ते उचलायचे. बारा दिवसांत तिचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले. मग तिला स्वागतकक्षात आणलं. तिथं समोर छतापर्यंत काच, डोक्यावर पांढऱ्या ट्यूब, आणि आठ तास उभं राहायचं. तिनं खुर्ची मागितली.

"बसलेली माणसं पाहुण्यांना आळशी दिसतात," प्रेंटिस म्हणाला.

"पाहुणे दिवसभर लोळत असतात, त्यांना काय कळणार?" नीलेश्नी म्हणाली.

तो हसला, कारण तो गंमत समजला. दुसऱ्या दिवशी तिनं घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दुपारपर्यंत खुर्ची नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी तिनं दुसरी आणली, तीही गेली. चौथ्या दिवशी तिला दिसलं की तिच्या दोन्ही खुर्च्या तलावाकाठी आहेत आणि त्यांवर कुणाचे तरी ओले टॉवेल वाळतायत. तिनं ते टॉवेल उचलून तलावात टाकले, खुर्च्या एकात एक घातल्या आणि भर दुपारच्या उन्हात त्या डोक्यावर घेऊन बसस्टॉपपर्यंत चालत गेली. त्या उन्हाची किंमत तिनं तीन आठवडे अंथरुणात मोजली. तेवढ्यात हॉटेलकडून एक पत्र आलं, की सध्याच्या जबाबदाऱ्या तिच्या प्रकृतीला मानवत नसल्याचं व्यवस्थापनाला दुःख आहे, आणि सोबत फळांची टोपली. टोपलीत अननस होता. भौजीनं तो कापला. नीलेश्नीनं त्यातली एकही फोड खाल्ली नाही.

त्यानंतर तिच्यासाठी काम सुचवणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला काय झेपेल हे निरोगी माणसांना उपजतच कळतं. कुणी म्हणालं शिवणकाम कर, घरबसल्या होतं. बोटांचं काय, हे कुणी विचारलं नाही. चुलतभावाच्या दुकानात गल्ल्यावर बसली, तर त्यानं दर तासाला वरच्या फळीवरचे टिनमछलीचे डबे उतरवायला लावलं आणि महिन्याच्या शेवटी म्हणाला, "तुझं मन कामात नसतं दीदी." मग भौजीच्या मैत्रिणीनं बालवाडी सुचवली. सावली आहे, बसायला गालिचा आहे, मुलं गोड आहेत.

मुलं गोड होतीच. वीस गोड मुलांना वीस वेगवेगळी सर्दी होती. नीलेश्नीच्या नव्या गोळ्या तिच्या अंगातल्या शिपायांना झोपवून ठेवायच्या, तेच त्यांचं काम. आठव्या आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. नाकात नळी घालून ती लौतोकाला पडली होती, तेव्हा भौजी भेटायला आली आणि म्हणाली, "एवढं सोपं काम, तेही जमलं नाही गं तुला."

नीलेश्नीला बोलायला दम नव्हता. नाहीतर त्या दिवशी भौजीचं काही खरं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर वासिती नावाची काईविती, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, बाई होती. पन्नाशीची, अंगानं भरलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची फुलं लावलेली हॅट, तीही वॉर्डात. सकाळी उठली की भजनं म्हणायची, सापडेल त्याला देवाचे आभार मानायला लावायची, आणि नर्स सुई टोचायला आली की तिचेही आभार मानायची. नीलेश्नीला असली माणसं डोळ्यांसमोर नको व्हायची. देवानं ज्यांना सगळ्यात जास्त बडवलं तीच त्याला सगळ्यात जास्त ओवाळतात, यात तिला भक्तीपेक्षा लाचारी दिसायची. वासितीलाही ल्युपस होता. तिची किडनी गेलेली होती, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवावं लागायचं.

"मरामा, बाई," एका सकाळी वासिती तिच्याकडे वळून म्हणाली, "तू किती वाजता मरतेस?"

"काय?"

"अगं, रोज. माझं दुपारी दोनला संपायचं. दोन वाजले की हातातला चमचा उचलायचं त्राण नसायचं. तुझं कधी संपतं?"

पाच वर्षं नीलेश्नी या आजारासोबत राहत होती आणि तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही.

"मी पपईच्या गोदामात होते," वासिती सांगायला लागली. "माल निवडायचा, खोकी भरायची. कुणाला आजार सांगितला नाही. काढून टाकतील म्हणून. औषधाची वेळ झाली की संडासात जाऊन गोळी खायची. सुपरवायझर म्हणायचा, वासिती किती वेळा जाते! काम कसं निवडलं होतं माहीत आहे? आमच्या गावातल्या पोरी नवरा निवडतात तसं. ज्यानं आधी विचारलं त्याला हो म्हटलं." ती खदखदून हसली. "नवरा तरी मेला. ते काम मलाच मारायला बसलं होतं."

"मग आता देवाचे आभार कशाचे मानता?" नीलेश्नीनं विचारलं. तिला ते टोचून विचारायचं होतं.

"सवय आहे," वासिती म्हणाली. "तू माणसांना नावं ठेवतेस ना, तशीच." आणि भजनाचं पुस्तक उघडून बसली.

नीलेश्नीला राग आला. पण घरी आल्यावर तिनं मुनेशच्या मुलीची एक जुनी वही घेतली, आणि महिनाभर दर दोन तासांनी त्यात एक शब्द लिहिला. 'बरं.' 'ठीक.' 'मेले.' महिन्यानं वाचलं तर सकाळी नऊपर्यंत बोटं लाकडाची. दहा ते साडेतीन डोकं लख्ख, हात बरे. चारला संपलं. एक दिवस जास्त ताणला की पुढचे दोन दिवस 'मेले, मेले.' पांढऱ्या ट्यूबखाली बसलं की संध्याकाळी गाल पेटायचे. आठवड्यात एखादा दिवस कारण नसताना वाया जायचा, आणि तो कोणता हे आधी कळायचं नाही.

आतापर्यंत ती कामाला विचारत होती, मला घेशील का? आता तिच्या हातात कागद होता. बसून करायचं. सावलीत. गर्दी नको, लेकरं नको, वाफ नको. दहा ते साडेतीन. जोर हातात नको, डोक्यात चालेल. तोंडात चालेल. तोंडाचा तर साठाच होता.

काम सापडलं ते असं. तपासणीहून परतताना ती सिंगातोकाच्या बसस्टँडवर उतरली आणि घरी जायला टॅक्सीत बसली. गाडीतला रेडिओ खरखरत होता. टॅक्सी बेसवरचा माणूस एकाच बाईला इस्पितळातून आणायला तीन गाड्या पाठवत होता आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा दीड तास ताटकळत होता, तो चौथ्यांदा फोन करून शिव्या देत होता. बेसवरचा माणूस प्रत्येक वेळी म्हणायचा, "हो हो, निघाली."

"हा गाढव कोण?" नीलेश्नीनं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर एपेली नावाचा, उंचापुरा. त्यानं आरशातून बघितलं. "रामसमुझकाकांचा पुतण्या."

"म्हणजे कुणी काढणार नाही."

"दोन झाले बदलून, दीदी. तिसराही पुतण्याच आहे."

"बेसवर ने मला," ती म्हणाली.

बेस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानामागची काँक्रीटची एक खोली. एक छोटी खिडकी, तीही भिंतीसमोर उघडणारी. आत टेबल, रेडिओ, दोन फोन, आणि बाहेर ओट्यावर झाडाची मुळं कुटून केलेल्या ग्रोगचा टब घेऊन बसलेले पाच-सहा ड्रायव्हर. टॅक्सीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष रामसमुझकाका त्यांच्यात बसला होता. सत्तरीचा, तोंडात दात कमी आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. पुतण्या आत टेबलावर डोकं ठेवून झोपला होता आणि फोन वाजत होता.

नीलेश्नी आत गेली, फोन उचलला, बाजाराच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याची माफी मागितली, रेडिओचं बटण दाबून विचारलं, "बाजाराजवळ कोण रिकामं आहे? खोटं बोलू नका, मला इथून हॉर्न ऐकू येतो." तिला काही ऐकू येत नव्हतं, पण दोन गाड्यांनी लगेच जबाब दिला. मग ती बाहेर आली.

"काका, तुमचा पुतण्या मूर्ख आहे."

"ते आम्हाला माहीत आहे," रामसमुझ शांतपणे म्हणाला. "तू कोण?"

"मुनेशची बहीण. मला ल्युपस आहे. बरा न होणारा आजार आहे, लागत नाही कुणाला. मी दहा ते साडेतीन काम करीन, त्याच्या पलीकडे एक मिनिट नाही. ही ट्यूब काढून पिवळा दिवा लावायचा. पाठीला टेकायला येईल अशी खुर्ची पाहिजे. आठवड्यात एखादा दिवस मी येणार नाही, आणि तो कोणता ते सकाळी कळवीन. त्या दिवसासाठी दुसरं माणूस मी स्वतः तयार करीन, पण पुतण्या नको."

ओट्यावर एक जण फसकन हसला. "बिमार महाराणी आली रे!"

"महाराणीच," नीलेश्नी म्हणाली. "तू कोणत्या गाडीचा? एकवीस? येताना रेडिओवर ह्याच आवाजात म्हणालास की नदीच्या पुलावर आहेस. मग इथं ग्रोग पितोय तो कोण, तुझा बाप?"

सगळे त्याला हसले. रामसमुझकाकानं ग्रोगची वाटी खाली ठेवली. "बेटी, धंदा आहे हा, दवाखाना नाही," तो म्हणाला. "सोडून गेलीस तर?"

"पुतण्या तर इथंच असून नसल्यासारखा आहे."

त्याला ते पटलं. म्हातारा चांगला होता म्हणून पटलं असं नाही. त्याला हातात काहीतरी चालणारं पाहिजे होतं, आणि नीलेश्नी चालणारी दिसली. तिला तेवढंच पुरे होतं. प्रेंटिसच्या खांद्यावरच्या हातापेक्षा म्हाताऱ्याचा हा रोकडा मतलब तिला शंभर पटींनी स्वच्छ वाटला.

पहिल्या महिन्यात ड्रायव्हरांनी तिला घालवायचे सगळे उपाय करून बघितले. खोट्या जागा सांगितल्या, रेडिओ बंद ठेवला, मुद्दाम तिच्या नावानं गाणी म्हटली. ती प्रत्येकाला त्याच्या भाषेत झोडपायची, हिंदीत, काईवितींच्या भाषेत आणि गरज पडली तर इंग्रजीत. कोण बायकोला न सांगता कुठं थांबतो हे तिला पंधरा दिवसांत पाठ झालं. "सात नंबर, तू जिथं उभा आहेस ते घर तुझं नाही. तिथून निघ आणि शाळेवर जा." सगळ्या गाड्यांत हे ऐकू जायचं. सात नंबर त्यानंतर सरळ झाला. लोकांना गाडी वेळेवर मिळायला लागली. ड्रायव्हरांची कमाई वाढली, आणि कमाई वाढल्यावर माणसाला दुसऱ्याचा आजार फार खुपत नाही, हे नीलेश्नीनं तिथं पाहिलं.

एका पावसाळी आठवड्यात तिची बोटं इतकी आखडली की रेडिओचं बटण दाबेना. ती कोपरानं दाबत बसली. एपेलीनं दारातून ते पाहिलं आणि तो निघून गेला. दोन दिवसांनी त्यानं आईच्या मोडक्या शिलाई मशीनचं पायडल आणलं, वायर जोडली आणि टेबलाखाली बसवलं.

"पायानं दाब," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं का तुला?"

"नाही."

"मग कशाला केलंस?"

"कोपरानं दाबतेस तेव्हा आवाज खरखरतो," एपेली म्हणाला. "माझे कान दुखतात."

नीलेश्नीनं पाय ठेवून बघितलं. चालत होतं. आभार मानायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं त्याला विमानतळाचं लांबचं भाडं दिलं आणि वर म्हणाली, "उशीर केलास तर हेच पायडल डोक्यात घालीन."

बदली माणूस म्हणून तिनं बिसुनदेवला तयार केलं. तो जुना ड्रायव्हर, अपघातात पाय गेलेला. ड्रायव्हर त्याला लंगड्या म्हणायचे. नीलेश्नीनं तो शब्द रेडिओवर बंद केला. दया आली असं नव्हतं. एका खोलीत दोन पांगळे आहेत असं कुणी म्हणायला नको, एवढंच. बिसुनदेव हळू होता, पण खोटं बोलत नसे.

तिसऱ्या वर्षी आजार उसळला. ताप, छातीत पाणी, पुन्हा लौतोका. महिनाभर ती पडून होती. वासिती तेव्हा नव्हती, मागच्या ख्रिसमसच्या आधी गेली होती. नर्सनं सांगितलं तेव्हा नीलेश्नी म्हणाली, "बरं झालं, भजनं थांबली," आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली ती जेवणाचं ताट आलं तरी वळली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एपेली भेटायला आला. कसावा आणि नारळाच्या दुधातली मासळी घेऊन. तिनं विचारलं, "बेस बुडला की नाही?"

"नाही," एपेली म्हणाला. "छान चाललंय."

"छान?"

"बिसुनदेव हळू बोलतो, पण तू शिकवल्याप्रमाणेच बोलतो. शिव्या फक्त कमी."

नीलेश्नीला ते लागलं. स्वतःच बसवून ठेवलं होतं की आपण नसलो तरी चालावं, आणि चाललं तेच खुपलं. आपण आजवर ज्यांची कीव केली, त्या हॉटेलातल्या पाहुण्या बायांसारख्याच आपण, आपल्यावाचून जग अडावं असं वाटणाऱ्या. तिनं आयुष्यात अनेकांना तुच्छ मानलं होतं, पण त्या दुपारी स्वतःला जेवढं मानलं तेवढं कुणालाच नाही. ताट खाल्लं मात्र सगळं. मासळी चांगली होती.

बरी होऊन परतल्यावर नांदी शहरातल्या एका मोठ्या प्रवासी कंपनीचं बोलावणं आलं. त्यांच्या गाड्यांचा ताफा, मोठा कंट्रोल रूम, आणि दुप्पट पगार. भौजीनं आठवडाभर आधीच गल्लीत सांगून टाकलं. मुनेशनं शर्ट इस्त्री करून तिला गाडीनं नेलं.

हॉल प्रचंड होता. छतभर पांढऱ्या ट्यूब, बर्फासारखा गारठा, आणि पडद्यांसमोर माना वाकवून बसलेली पोरं. मुलाखत घेणारा साहेब राजधानी सुवाचा, कॉलर ताठ. त्याच्या टेबलावर एक पुस्तिका होती आणि तिच्यावर चाकाच्या खुर्चीतल्या एका बाईचा हसरा फोटो.

"तुमच्यासारख्या लोकांना संधी देणं आमचं धोरण आहे," तो म्हणाला.

"माझ्यासारख्या म्हणजे?"

"म्हणजे... ज्यांना अडचणी आहेत."

"माझी अडचण तुमच्या डोक्यावर आहे," नीलेश्नी म्हणाली. "ह्या ट्यूब. माझ्या टेबलावरच्या काढाल?"

"सगळ्यांना एकसारखी व्यवस्था असते."

"पाळी किती तासांची?"

"बारा. आलटून पालटून, दिवसपाळी, रातपाळी."

"मी पडले तर माझ्या जागी कोण बसणार?"

साहेबानं पुस्तिका चाळली. त्यात ते नव्हतं. "असं आहे बघा," तो जरा चिडून म्हणाला, "अशा आजारात नोकरी मिळते हेच पुष्कळ. तुम्ही इतक्या अटी घालता!"

"साहेब, पुस्तिकेवरची ही बाई इथं कोणत्या टेबलावर बसते?"

साहेबानं पुस्तिका पालथी घातली.

"बघून घ्यावं म्हटलं," ती उठत म्हणाली. "बाहेर पायऱ्या अकरा आहेत. मोजल्या मी चढताना."

घरी आल्यावर भौजी सुरू झाली. "दुप्पट पगार! आणि ही म्हणते दिव्यांचा उजेड जास्त आहे! लोकांना काय सांगू मी?"

"सांग की तुझी नणंद अंधारात बसायच्या लायकीची आहे," नीलेश्नी म्हणाली. "लोकांना पटेल. तुलाही."

त्याच आठवड्यात तिनं रामसमुझकाकाला बोलावलं आणि सांगितलं, मला सगळं लिहून पाहिजे. वेळ, खुर्ची, दिवा, आजाराच्या दिवसांचं आणि बदलीचं. म्हातारा बिथरला. "इतकी वर्षं तोंडी चाललंय ना? विश्वास नाही तुला?"

"तुमच्यावर आहे. तुम्ही सत्तरीचे आहात. तुमच्यामागून कुठला पुतण्या येईल?"

ड्रायव्हरांची बैठक झाली. एकवीस नंबरवाला, तोच तो, उठून म्हणाला, "हिला एवढं लिहून द्यायचं तर आम्हालापण द्या." नीलेश्नी म्हणाली, "द्या त्यालाही. दमून गाडी चालवू नये असं एक वाक्य लिहा, वाचला तर वाचला." हसता हसता हात वर झाले. रामसमुझकाकानं सिमेंटच्या पावतीच्या मागं बॉलपेननं सगळं लिहिलं, ओळ वाकडी, अक्षर मोठं, आणि नावाच्या जागी लिहिलं 'निलसनी'. तिनं कागद परत केला. काकानं नाक फेंदारलं, दुसरी पावती घेतली, आणि ती अक्षरं सांगेल तसं एकेक लिहून पुन्हा सही केली. सगळ्यांनी केली. बिसुनदेवनं शेवटी केली, सावकाश.

आज ती छत्तीस वर्षांची आहे. गोळ्या चालूच आहेत. चेहरा गोळ्यांनी फुगतो आणि उतरतो. किडनी डॉक्टरणीच्या शब्दांत 'तिथंच आहे', आणि डॉक्टरण नुसतं तेवढंच सांगते, यासाठी नीलेश्नी तिला अजून मानते. चांगले दिवस आठवड्यात चार, कधी पाच. माणसांबद्दलचं तिचं मत तसंच आहे. बाजारातल्या बायका तिच्याबद्दल म्हणतात, आजारी आहे पण तोंड ठणठणीत आहे.

साडेतीन वाजले की ती कानावरचा फोन काढते, बिसुनदेवला खुर्ची देते आणि मागच्या सावलीच्या दारानं बाहेर पडते. पण ती उठायच्या बेतात असतानाच एखादा नवा ड्रायव्हर रेडिओवर गयावया करत असतो, "दीदी, एक शेवटचं भाडं, तुम्हीच द्या, बिसुनदेव हळू सांगतो."

"तूही हळू चालव," ती म्हणते, आणि पायडलवरचा पाय काढून घेते.